झटका मशीन, डीपी आणि सोलर पंपाचा नॉइज: फेज आणि गेन जुळवून तो कसा कापायचा

विदर्भातल्या खेड्यात हॅम (हौशी) रेडिओसाठी जागेची अडचण नसते. ७ मेगाहर्ट्झचा २० मीटर लांब डायपोल (तारेची अँटेना) दोन झाडांमध्ये सहज ताणता येतो. शहरातल्या फ्लॅटवाल्याला ते सुख नाही. अडचण येते ती ऐकण्यात. रानडुक्कर आणि रोही अडवायला धुऱ्यावर (बांधावर) लावलेली विजेच्या कुंपणाची झटका मशीन सेकंदा-सेकंदाला टक् टक् करते, डीपीवरचा (ट्रान्सफॉर्मरवरचा) धुळकटलेला इन्सुलेटर घरघरतो, आणि ऊन चढलं की सोलर पंपाचा कंट्रोलर अख्खा बँड झाकून टाकतो. रेडिओच्या सिग्नल मीटरचा काटा एस-९ वर अडकून बसला की दूरचं कमजोर स्टेशन ऐकूच येत नाही. नवीन लायसन्स मिळालेली पोरं इथेच कंटाळतात आणि रेडिओ कपाटात जातो.

यावर इलाज आहे, तोही फार महाग नाही. मुख्य अँटेनाशिवाय एक दुसरी, छोटी तार लावायची. ती नॉइज जोरात ऐकेल आणि दूरचं स्टेशन जेमतेम ऐकेल अशी हवी. तिचा सिग्नल छोट्या आरएफ अ‍ॅम्प्लिफायरमधून घेऊन त्याची पातळी मुख्य अँटेनातल्या नॉइजइतकी करायची, फेज (लहरीचा चढउतार) १८० अंशांनी उलटी करायची आणि दोन्ही एकत्र करायचे. नॉइज नॉइजला कापतो. स्टेशनचा सिग्नल दोन्ही अँटेनांवर वेगळ्या पातळीने आणि वेगळ्या फेजने येतो, म्हणून तो शाबूत राहतो.

हे करताना दोन्ही गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात. नॉइज २० डीबीने (डेसिबलने) खाली आणायचा असेल, म्हणजे एस-९ वरून साधारण एस-६ वर, तर फेज बरोबर असताना पातळीतला फरक ०.८ डीबीच्या आत आणि पातळी बरोबर असताना फेजमधली चूक ६ अंशांच्या आत हवी. ३० डीबीसाठी हेच आकडे पाव डीबी आणि पावणेदोन अंश होतात. ४० डीबीचा नाद घरच्या सर्किटवर सोडून द्या. २० ते २५ डीबी मिळाले तरी बंद पडलेला बँड पुन्हा चालू होतो.

१. आधी हे जमवा

कागदपत्रांत एकच महत्त्वाचं: हॅम लायसन्स. नुसतं ऐकण्यापुरतं सर्किट बनवून हात बसवायला काही हरकत नाही, पण ट्रान्समिट करायचं तर एएसओसी (हॅम ऑपरेटरची सरकारी) परीक्षा आणि लायसन्स लागतंच. वयाची अट १२ वर्षं पूर्ण, अर्ज सरल संचार पोर्टलवर. आपल्याकडे ४० मीटरचा बँड ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ आहे, हेही डोक्यात ठेवा.

साहित्य असं:

- जे३१० जातीचे तीन फेट (ट्रान्झिस्टरचा एक प्रकार; पाय गेट, सोर्स आणि ड्रेन); चार-पाच जास्त घेतलेले बरे
- एफटी३७-४३ टोरॉइड (तार गुंडाळायच्या रिंगा) दोन आणि टी५०-२ टोरॉइड दोन
- ५०० ओहमचे दोन पॉट म्हणजे फिरवायचे रेझिस्टर (गेनसाठी), १ किलोओहम आणि १०० ओहमचा एकेक (फेजसाठी)
- १०० पीएफ, १२०० पीएफ आणि ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर. ४७, १५०, ४७० ओहमचे आणि १०० किलोओहमचे रेझिस्टर
- एक डबल-पोल टॉगल स्विच, १२ व्होल्टचे दोन डबल चेंजओव्हर रिले, १एन४१४८ डायोड
- आरजी-५८ केबल, चोकसाठी ४३ मटेरियलच्या दोन मोठ्या फेराइट रिंग, पत्र्याचा डबा, कनेक्टर
- मल्टिमीटर आणि सेलवर चालणारा, मीडियम वेव्ह असलेला साधा ट्रान्झिस्टर रेडिओ

पॉट, रिले, स्विच, केबल नागपूरला सीताबर्डीत मिळतील. टोरॉइड आणि चांगले जे३१० मात्र ऑनलाइन मागवावे लागतात. तयार यंत्रांत एमएफजे-१०२६ नावाजलेलं होतं, पण त्या कंपनीने २०२४ मध्ये आपल्या कारखान्यातलं उत्पादन थांबवलं. जुनं कुणाकडे मिळालं तर घ्या. खालची जुळवायची पद्धत त्यालाही तशीच लागू पडते.

२. नॉइज कुठून येतो ते शोधा

ही पायरी गाळू नका. उगमावरच बंद झालेल्या नॉइजला यंत्र लागत नाही.

रेडिओ बॅटरीवर लावा आणि घराचा मेन स्विच पाडा. नॉइज गेला तर तो घरातलाच आहे: एलईडी बल्ब, मोबाइल चार्जर, इन्व्हर्टर. एकेक करून शोधा आणि बदला. राहिला तर ट्रान्झिस्टर घेऊन बाहेर पडा. मीडियम वेव्हवर, जिथे स्टेशन लागत नाही अशा जागी काटा ठेवा आणि ट्रान्झिस्टर आडवा धरून हळूहळू गोल फिरवा. आतल्या फेराइट रॉडचं टोक नॉइजच्या दिशेला आलं की आवाज पडतो. दोन वेगळ्या जागांवरून ही दिशा पाहिली की उगम कुठे आहे ते कळतं.

आवाजावरूनही ओळखता येतं. सेकंदाला एक टक् म्हणजे झटका मशीन. सलग, खरखरीत, १०० हर्ट्झची घरघर, जी पाऊस पडून इन्सुलेटर धुतला गेला की कमी होते, ती ११ केव्ही लाइनची किंवा डीपीची. सकाळी ऊन आल्यावर सुरू होऊन ढग आला की बदलते ती सोलर पंपाच्या कंट्रोलरची.

झटका मशीन ठीक असेल तर ती फारसा नॉइज करत नाही. नॉइज होतो तो ठिणगीमुळे. धुऱ्याने ट्रान्झिस्टर घेऊन चालत गेलं की एका जागी टक् एकदम मोठा होतो. तिथे वाकून पाहा: तारेला ओली तुरीची फांदी टेकलेली असते, नाहीतर गवत चढलेलं असतं, नाहीतर खुंटीवरचा प्लास्टिकचा इन्सुलेटर तडकलेला असतो. तिन्हीसांजेला गेलात तर बारीक निळी ठिणगीही दिसते. वावराच्या मालकाला नॉइजबद्दल सांगून उपयोग नाही, त्याला सांगा, "भाऊ, इथून तुमचा झटका जमिनीत चालला, पुढच्या तारेत जोर राहत नाही. डुक्कर तिकडूनच घुसते." हे खरंही आहे. निंदणाच्या वेळी तारेखालचं गवत तो स्वतःच साफ करतो.

इथे दोन गोष्टी जिवावरच्या आहेत. तारकुंपणात थेट घरगुती किंवा पंपाची वीज सोडणं हा गुन्हा आहे, आणि त्याने माणसं, जनावरं, वाघ मेलेले आहेत. कुंपणाजवळ टक् टक् नसून सलग गुणगुण ऐकू येत असेल तर पुढे जाऊ नका, तार तपासायला हात लावू नका. दुसरं, डीपी किंवा ११ केव्हीच्या खांबाला काठी मारून इन्सुलेटर झटकायचा प्रकार काही जण करतात. तो अजिबात करायचा नाही. खांबाचा नंबर टिपून घ्या आणि १९१२ वर महावितरणकडे तक्रार द्या.

३. दुसरी तार: सगळं यश हिच्यावर

सर्किट कितीही चांगलं केलं आणि दुसरी तार चुकीच्या जागी लावली तर हाती काही लागत नाही. नवखा माणूस मात्र नेमका सर्किटवर आठवडा घालवतो आणि तार खिडकीतून लोंबती सोडतो.

तारेला नॉइज मुख्य अँटेनाइतका किंवा त्याहून जास्त ऐकू आला पाहिजे, आणि दूरचं स्टेशन कमी. उगम धुऱ्याकडे असेल तर तीन ते पाच मीटरची इन्सुलेटेड तार त्या बाजूच्या भिंतीवर, जमिनीपासून माणसाच्या उंचीवर लावा. डीपीचा नॉइज घराच्या सर्व्हिस वायरवरून आत येत असेल तर तिच्या दिशेने, पण तिच्यापासून निदान दोन हात लांब. वीजवाहक तारेला गुंडाळून किंवा बांधून ठेवायची कल्पना मनात आणू नका. झटका मशीनच्या तारेलाही ती जोडायची नाही; त्या तारेवर हजारो व्होल्टचे ठोके असतात.

तार कायमची ठोकण्याआधी तपासून घ्या. रेडिओला आधी मुख्य अँटेना लावून काटा पाहा, मग नुसती ही तार. तारेवर नॉइज मुख्य अँटेनापेक्षा दोन-तीन एस युनिटहून जास्त कमी असेल तर जागा बदला. गेन वाढवून ही उणीव भरून निघत नाही, कारण अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा खरखराटही तितकाच वाढतो. उलट नॉइजबरोबर स्टेशनही मुख्य अँटेनाइतकंच जोरात येत असेल तर तीही जागा वाईट. नॉइजसोबत स्टेशनही कापलं जाईल.

दोन्ही केबलवर चोक लावा. आरजी-५८ चे १०-१२ वेढे मोठ्या ४३ मटेरियलच्या फेराइट रिंगमधून काढले की झालं. हे केलं नाही तर केबलची बाहेरची जाळीच अँटेनाचं काम करते. मग कुणी मायक्रोफोन उचलला किंवा टेबलाला हात टेकवला की जुळवलेलं सगळं सुटतं.

४. सर्किट जोडा

दोन शाखा आहेत: मुख्य अँटेनाची मुख्य शाखा आणि दुसऱ्या छोट्या तारेची मदतीची शाखा. दोन्हींच्या तोंडाशी हाय-पास फिल्टर: १२०० पीएफ, मग जमिनीकडे (म्हणजे सर्किटच्या ग्राउंडकडे) टी५०-२ वर १८ वेढ्यांची कॉइल, मग पुन्हा १२०० पीएफ. याची मर्यादा अडीच मेगाहर्ट्झच्या आसपास येते आणि आकाशवाणी नागपूरचं ५८५ किलोहर्ट्झ ३० डीबीपेक्षा जास्त दबतं. हा फिल्टर नसेल तर मीडियम वेव्हचा जोरदार सिग्नल फेटला ओव्हरलोड करतो आणि ४० मीटरवर भलतेच सूर उमटतात. त्यांना पुन्हा नॉइज समजून माणूस पॉट फिरवत बसतो.

मुख्य शाखा सोपी: फिल्टर, ५०० ओहमचा गेन पॉट, ०.१ चा कपॅसिटर, गेटला लागून ४७ ओहम, गेटपासून जमिनीला १०० किलोओहम, आणि कॉमन-सोर्स जोडणीतला जे३१०. सोर्सला १५० ओहम आणि त्यावर ०.१ चा बायपास.

मदतीच्या शाखेत फिल्टर आणि गेन पॉटनंतर पहिला जे३१० सोर्स-फॉलोअर म्हणून येतो, सोर्सला ४७० ओहम. त्याच्या सोर्सवरून ०.१ च्या कपॅसिटरमधून ट्रान्सफॉर्मरचं प्रायमरी चालवायचं. हा ट्रान्सफॉर्मर म्हणजे एफटी३७-४३ वर तीन तारा एकत्र पिळून घेतलेले १० वेढे. एक तार प्रायमरी. उरलेल्या दोन एकीचा शेवट दुसरीच्या सुरुवातीला अशा जोडा आणि तो मधला सांधा जमिनीला. आता दोन टोकांवर समान पण उलट फेजचे सिग्नल मिळतात. एका टोकाला १०० पीएफ, दुसऱ्या टोकाला १ किलोओहम आणि १०० ओहमचे पॉट एकापुढे एक. कपॅसिटर आणि पॉट जिथे मिळतात तो बिंदू ४७ ओहममधून तिसऱ्या जे३१० च्या गेटला. या फेटचा सोर्स मुख्य शाखेसारखाच.

पॉट शून्यापासून वर नेला की फेज सरकत जातो. १०० पीएफचा अडथळा ७.१ मेगाहर्ट्झवर सुमारे २२४ ओहम असतो, म्हणून पॉट २२४ ओहमवर आला की फेज ९० अंशांनी सरकलेला असतो, आणि पूर्ण १ किलोओहमवर सुमारे १५५. पुढच्या अर्ध्या फेरीसाठी टॉगल स्विचने प्रायमरीची दोन टोकं अदलाबदल करायची. तरीही प्रत्येक बाजूला २५ अंशांची फट राहते. गरज नेमकी त्या फटीत पडली तर मदतीच्या केबलमध्ये आरजी-५८ चा २.३ मीटरचा तुकडा वाढवा. ७ मेगाहर्ट्झवर तो ३० अंश देतो.

मुख्य आणि मदतीच्या शेवटच्या जे३१० चे ड्रेन एकत्र जोडा. ते दुसऱ्या एफटी३७-४३ वर १० वेढ्यांच्या जोड-तारेच्या एका टोकाला, दुसरं टोक १२ व्होल्टला आणि तिथे ०.१ चा बायपास. मधल्या सांध्यावरून ०.१ मधून रेडिओला.

पॉट घेताना डोळे उघडे ठेवा. वायरवाउंड पॉट चालत नाही. तो आत कॉइलच असतो आणि आरएफवर भलताच वागतो. बारीक फिरवता यावं म्हणून दहा फेऱ्यांचा पॉट घ्यायचा मोह होतो, पण ते बहुतेक वायरवाउंडच असतात. म्हणून वर १०० ओहमचा वेगळा बारीक पॉट दिला आहे. कार्बन किंवा सर्मेट घ्या.

जे३१० च्या नावाखाली भलतेच फेट विकले जातात. गेट आणि सोर्स जमिनीला, ड्रेन मीटरमधून १० व्होल्टला, असं क्षणभर जोडून प्रवाह मोजा. २४ ते ६० मिलीअँपिअर यायला हवा. त्यातले जवळपास सारखे दोन निवडून दोन्ही शाखांच्या शेवटी बसवा. जोडणी झाल्यावर १५० ओहमच्या सोर्स रेझिस्टरवर दीड ते सव्वादोन व्होल्ट दिसले की काम बरोबर आहे.

पुरवठा बॅटरीवरूनच द्या. गावातला व्होल्टेजचा चढउतार आणि स्वस्त अ‍ॅडॉप्टरचा नॉइज, दोन्ही टळतात.

५. ट्रान्समिटपासून वाचवा

हे सर्किट अँटेना आणि रेडिओ यांच्यामध्ये बसतं. पीटीटी (बोलायचं बटण) दाबलं आणि ५० वॅट त्यात गेले की फेट तिथेच जळतो. एका रिलेने पीटीटीबरोबर सर्किट पूर्ण बाजूला काढून अँटेना थेट रेडिओला जोडायची. दुसऱ्या रिलेने मदतीच्या तारेचा इनपुट जमिनीला टाकायचा, कारण ती तार मुख्य अँटेनाच्या जवळ असते आणि तिच्यावरही बरीच पॉवर येते. दोन्ही इनपुटवर १एन४१४८ च्या उलट-सुलट जोड्या लावा. प्रत्येक दिशेला एकाऐवजी दोन डायोड ओळीने. रिले वीज नसताना आपोआप बायपासमध्ये राहतील अशी जोडणी करा, म्हणजे बॅटरी उतरली तरी सर्किट सुरक्षित. पहिल्यांदा ट्रान्समिट करताना डमी लोडवर (अँटेनाऐवजी पॉवर जिरवणाऱ्या रेझिस्टरवर), कमीत कमी पॉवरवर करा आणि रिले खरंच पलटतो का ते मीटरने पाहा.

६. आता जुळवा

सर्किट दहा-पंधरा मिनिटं चालू राहू द्या. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत तापमान इतकं चढतं की फेटचा प्रवाह हळूहळू सरकतो, आणि थंड असताना केलेली जुळणी टिकत नाही.

रेडिओचा नॉइज ब्लँकर (ठोके गाळणारी सोय) बंद. एजीसी (आवाज आपोआप सारखा ठेवणारी सोय) बंद करता येत असेल तर बंद करून आरएफ गेनने आवाज सांभाळा. नाहीतर वेगवान ठेवा. स्टेशन नसलेल्या, फक्त नॉइज असलेल्या जागी या.

मदतीचा गेन शून्यावर नेऊन मुख्य शाखेचा काटा वाचा. मग मुख्य शून्यावर आणि मदतीचा गेन वाढवत तोच काटा आणा. ही पातळीची जुळणी आधी केली की पुढचं अर्धं काम होतं. जी शाखा जास्त जोरात असेल ती खाली आणा.

दोन्ही चालू करा आणि मोठा फेज पॉट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू फिरवा. कुठेतरी काटा पडेल, तोच डिप. नाही पडला तर टॉगल पलटवून पुन्हा. दोन्हीकडे पडला नाही तर केबलचा तुकडा वाढवून पाहा. डिप सापडला की तिथेच थांबून गेन किंचित इकडे-तिकडे करा, काटा आणखी खाली येईल. मग बारीक फेज पॉट. मग पुन्हा गेन. फेज फिरवला की फॉलोअरवरचा भार बदलतो आणि पातळीही थोडी हलते, म्हणून आलटून-पालटून करावं लागतं. प्रत्येक फेरीत डिप अरुंद आणि खोल होत जातो. शेवटी हात अगदी हलका ठेवा; चांगला डिप पॉटच्या केसभर हालचालीत येतो आणि जातो.

झटका मशीनवर हे जरा जड जातं, कारण दोन टक्-च्या मध्ये काटा पडतो आणि डिप आल्याचा भास होतो. पॉट थोडा फिरवा, दोन-तीन टक् ऐका, मग पुन्हा फिरवा. इथे काट्यापेक्षा कान बरा, आणि पडद्यावर वॉटरफॉल (सिग्नलचं सरकतं चित्र) दिसत असेल तर त्याहून उत्तम.

आता स्टेशनवर जा. ते आधीपेक्षा कमजोर वाटलं तर डिप थोडा सोडून द्या. स्टेशन आणि नॉइज यांच्यातलं अंतर जिथे सगळ्यात जास्त, तीच जागा बरोबर, मग काटा तिथे सगळ्यात खाली असो वा नसो.

७. जुळलेलं सुटतं तेव्हा

दोन शाखांच्या केबलमध्ये ३० मीटरचा फरक असेल तर १०० किलोहर्ट्झ सरकल्यावर फेज ५ अंशांहून जास्त बदलतो. म्हणजे ७.०५ वर जुळवलेलं ७.१५ वर पुन्हा थोडं हलवावं लागणारच. दोन्ही केबल जवळपास सारख्या लांबीच्या ठेवल्या की हा त्रास कमी होतो. बँड बदलला तर नव्याने जुळवा. प्रत्येक बँडची पॉटची जागा आणि टॉगलची बाजू डब्यावर मार्करने लिहून ठेवा.

डिप स्थिर राहत नसेल तर आधी चोक आणि अर्थिंग पाहा. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगच्या रॉडभोवती पोकळी पडते. रॉडभोवती कोळसा भरून पाणी घालत राहा.

अवकाळीचं आभाळ भरून आलं की दोन्ही अँटेनांच्या केबल सर्किटपासून काढून घराबाहेर ठेवा. गडगडाट जवळ आल्यावर केबलला हातच लावू नका.

एक डिप एकाच उगमाला कापतो. टक् टक् गेली आणि मागची घरघर तशीच राहिली तर सर्किट बिघडलेलं नाही; नॉइज दोन आहेत. जास्त त्रासदायक असेल त्याला कापा आणि दुसऱ्याचा उगम ट्रान्झिस्टरने शोधा. मुख्य डायपोल फिरवून त्याचं टोक दुसऱ्या उगमाकडे करता आलं तर तोही बराच खाली येतो. सोलर पंपाचा नॉइज दिवसापुरताच असतो, म्हणून दिवसाची आणि रात्रीची जुळणी वेगवेगळी लिहून ठेवा: दिवसा कंट्रोलरवर, रात्री झटका मशीनवर.